गाठ जिभेवर, मग चिरा मानेवर का?

जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम. बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे. मानेत मात्र बोटांना काही लागत नाही आणि सोनोग्राफीही स्वच्छ आहे. तरीही सर्जन म्हणतात, "जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन करावं लागेल." घरचे साहजिकच विचारतात, "जिथे रोग दिसतच नाही, तिथे कापायचं कशाला?" स्तनाच्या कॅन्सरमध्ये हाच प्रश्न काखेबद्दल येतो.

प्रश्न रास्त आहे. सर्जन मंडळी त्यावर शंभराहून अधिक वर्षं झगडत आहेत. स्तनासाठी आणि तोंडासाठी त्यांना मिळालेली उत्तरं एकमेकांच्या जवळजवळ उलटी आहेत. असं का झालं, ते समजून घ्यायचं तर आधी शरीरातला एक निचरा ओळखून घेतला पाहिजे.

१. शरीरातला निचरा

उसाच्या शेताला पाटाचं पाणी सोडलं की पीक हवं तेवढं पाणी घेतं. उरलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि चरांवाटे ओढ्याला लागतं. चर बुजले तर तेच पाणी साचून जमीन चिबड होते. शरीरातही असंच घडतं. रक्त अगदी बारीक केशवाहिन्यांत पोचलं की त्यातलं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं त्यांच्या भिंतींतून पाझरून पेशींच्या मधल्या जागेत उतरतात. हा द्रव पुन्हा रक्तात गेला पाहिजे. दिवसाकाठी असा साधारण दोन-तीन लिटर द्रव परत नेणाऱ्या वाहिन्यांचं वेगळं जाळं आपल्या अंगभर आहे. त्या द्रवाला लसिका म्हणतात आणि वाहिन्यांना लसिकावाहिन्या. रक्त ढकलायला हृदय आहे, तसा लसिकेला स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, त्यांच्यातल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आणि आसपासच्या स्नायूंची हालचाल यांच्या जोरावर ती पुढे सरकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

या वाहिन्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. त्या लंबगोल आणि एरवी एक सेंटिमीटरहून लहान असतात. अंगात मिळून सुमारे सहाशे, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या मानेत, तर एका काखेत साधारण वीस ते चाळीस. आत पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. लसिकेबरोबर आलेले जंतू इथे अडवले जातात. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, ते या ग्रंथी कामाला लागल्यामुळेच.

(मूळ रोगालाही लोक गाठ म्हणतात आणि या ग्रंथींनाही. गोंधळ नको म्हणून या प्रकरणात गाठ म्हणजे मूळ रोग आणि ग्रंथी म्हणजे लसिकाग्रंथी.)

२. रोग तिथे पोचतो कसा

केशवाहिनीच्या भिंतीपेक्षा लसिकावाहिनीची भिंत ढिली असते. मूळ गाठीतून सुटलेली पेशी तिच्यात सहज शिरते, द्रवाबरोबर वाहते आणि वाटेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकते. बहुतेक पेशी तिथेच मरतात. एखादी तगली तर ग्रंथीच्या कडेला रुजते, वाढते, पुढच्या ग्रंथीकडे जाते आणि काही वेळा ग्रंथीचं आवरण फोडून बाहेरच्या चरबीत पसरते. हे आवरण फुटणं फार महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

प्रत्येक अवयवाचा निचरा ठरलेल्या दिशेने होतो. जिभेचा आणि गालाचा निचरा जबड्याखाली आणि मानेच्या वरच्या भागात होतो, स्तनाचा मुख्यतः काखेत आणि पायाचा जांघेत. वृषणाचा मात्र जांघेत होत नाही. तो पोटात, मूत्रपिंडांच्या पातळीवर होतो, कारण गर्भात वृषण तिथे तयार होऊन मग खाली उतरतं. म्हणून सर्जन चिरा कुठे घेणार हे गाठीच्या जवळ काय आहे त्यावर ठरत नाही, तिचा निचरा कुठे होतो त्यावर ठरतं.

दीड-दोन मिलिमीटरचा रोग बोटांना लागत नाही आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येही सहसा दिसत नाही. तपासणीत स्वच्छ वाटलेल्या मानेतून किंवा काखेतून काढलेल्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडतो, ही रोजची गोष्ट आहे. "काही दिसत नाही" याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही.

३. ग्रंथी काढण्याची दोन कारणं

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भेद इथे आहे. ग्रंथी दोन वेगळ्या हेतूंनी काढल्या जातात. पहिला हेतू माहितीचा: रोग तिथवर गेला आहे का, किती ग्रंथींत गेला आहे, आवरण फुटलं आहे का. पुढे केमोथेरपी द्यायची की रेडिएशन, ते यावरून ठरतं. दुसरा हेतू उपचाराचा: तिथे रोग असेल तर तो काढून टाकणं.

सुमारे शंभर वर्षं हे दोन्ही हेतू एकाच शस्त्रक्रियेत पुरे होत होते, म्हणून ते वेगळे आहेत हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. नुसत्या माहितीसाठी अख्खी काख रिकामी करावी लागते का, आणि रोग काढल्याने माणूस खरंच जास्त जगतो का, हे दोन प्रश्न निरनिराळे विचारले गेले तेव्हा हा विषय पुढे सरकला.

४. बाल्टिमोर ते पिट्सबर्ग

विल्यम हॅल्स्टेड हे अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन. १८९४ साली त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत छापला. शस्त्रक्रियेत ते स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी एकसंध काढत. कॅन्सर गाठीतून ग्रंथींत आणि तिथून पुढे, असा पायरीपायरीने पसरतो, तेव्हा सगळ्या पायऱ्या एकदम उखडल्या की रोग संपला, असा त्यांचा विचार होता. त्या काळात बहुतेक बायका फार उशिरा येत आणि रोग त्याच जागी पुन्हा उगवत असे. ते प्रमाण हॅल्स्टेडनी खरोखर खाली आणलं. पण किंमत जबर होती: खपाटीला गेलेली छाती, न उचलला जाणारा खांदा आणि सुजून जड झालेला हात. तरी ही शस्त्रक्रिया सुमारे पाऊणशे वर्षं जगभर चालली.

तिला खरा प्रश्न विचारला पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत काखेत ग्रंथी हाताला न लागणाऱ्या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले गेले. एका गटाला हॅल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया मिळाली. दुसऱ्या गटात फक्त स्तन काढून काखेला रेडिएशन दिलं. तिसऱ्या गटात फक्त स्तन काढला, काखेला हातही लावला नाही. पहिल्या गटात काढलेल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या काखेत लपलेला रोग निघाला. गट नशिबाने ठरले होते, म्हणजे तिसऱ्या गटातही तो तेवढ्याच जणींच्या काखेत असणार. पण त्या गटात पुढे काखेत रोग वर आला तो पाचांतल्या एकीहून थोड्या कमी स्त्रियांच्या, आणि तो आल्यावर काढता आला. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा हिशेब २००२ साली मांडला तेव्हा तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं.

यातून एक मोठा धडा मिळाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतला रोग म्हणजे पुढच्या पायरीला जाण्याचा एकमेव जिना नव्हे. ज्यांच्या शरीरात रोग दूर गेला, त्यांच्यात तो बहुधा रक्तावाटे आधीच गेलेला होता. काख त्याची बातमी देत होती. म्हणजे इथे माहितीचा हेतू मोठा ठरला आणि उपचाराचा लहान.

५. पहिली ग्रंथी शोधायची

मग माहितीपुरतीच ग्रंथी काढता येईल का? निचरा ठरलेल्या दिशेने होतो, तर गाठीतून निघालेली लसिका सर्वांत आधी कुठल्या तरी एका-दोन ग्रंथींत जात असणार. त्या स्वच्छ असल्या तर मागच्याही बहुधा स्वच्छच. ही कल्पना पॅराग्वेतले सर्जन रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कॅन्सरसाठी मांडली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये निळा रंग टोचून ती ग्रंथी प्रत्यक्ष शोधून दाखवली. दोन वर्षांच्या आत डेव्हिड क्रॅग आणि अरमांडो जिउलियानो यांनी हीच कल्पना स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरली. या ग्रंथीला सेंटिनेल नोड म्हणतात, म्हणजे पहाऱ्यावरची ग्रंथी.

प्रत्यक्षात गाठीजवळ किंवा स्तनाग्राभोवती निळा रंग, किरणोत्सारी टेक्नेशियमचा अगदी थोडा अंश, किंवा दोन्ही टोचतात. काखेत छोटा चिरा घेऊन निळी झालेली वाहिनी शोधतात किंवा किरण टिपणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून जागा ठरवतात. एक ते तीन ग्रंथी काढतात. ऑपरेशननंतर दिवस-दीड दिवस लघवी हिरवट-निळी होते. कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हबकतो. तो फक्त रंग असतो.

ही पद्धत शंभर टक्के अचूक नाही. अमेरिकेतल्या ५,६०० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत, ज्यांच्या काखेत रोग होता त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के स्त्रियांमध्ये पहिली ग्रंथी मात्र स्वच्छ निघाली. तरीही २०१० साली छापलेल्या निकालात संपूर्ण काख काढलेल्या आणि न काढलेल्या गटांत जगण्यात फरक नव्हता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आणखी एक साधी पद्धत तपासली गेली. तिच्यात काखेतून आडव्या जाणाऱ्या एका नसेच्या खालची चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी तेवढ्या काढतात. रंग आणि यंत्र यांच्या तोडीची माहिती तिच्यातूनही मिळते. जिथे ते यंत्र नाही तिथल्या सर्जनसाठी हे काम मोलाचं आहे.

पुढचं पाऊल त्याहून धाडसाचं होतं. पहिल्या ग्रंथीत रोग निघाला तरी बाकीच्या ठेवायच्या का? जिउलियानो यांच्याच चाचणीत ज्यांच्या एक-दोन ग्रंथींत रोग होता, स्तन वाचवून गाठ काढली होती आणि स्तनाला रेडिएशन मिळणार होतं, अशा ८९१ स्त्रिया होत्या. दहा वर्षांनी काख पूर्ण काढलेल्यांपैकी ८३.६ टक्के आणि न काढलेल्यांपैकी ८६.३ टक्के हयात होत्या. हा फरक योगायोगाचाच म्हणावा इतका लहान आहे. म्हणजे काख ठेवल्याने नुकसान झालं नाही. हे अभय सर्वांना नाही. हाताला लागणाऱ्या मोठ्या ग्रंथी असतील, अनेक ग्रंथींत रोग असेल किंवा केमोथेरपीनंतरही तो उरला असेल, तर काख पूर्ण साफ करणं आजही योग्य उपचार आहे.

६. परळमध्ये निघालेलं उलटं उत्तर

स्तनाचा हा धडा पाहून कुणालाही वाटेल की मान तरी कशाला उघडायची? थांबू, लक्ष ठेवू, ग्रंथी दिसली तर काढू. मानेच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही तसाच जड होता. क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली मांडलेल्या पद्धतीत ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी नीला आणि खांदा उचलणारी नस हे सगळं जायचं. १९६० च्या दशकात अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी ग्रंथींची चरबी वेगळी सोलून हे तिन्ही अवयव वाचवण्याची वाट दाखवली. तोंडाचा रोग सुरुवातीला मानेच्या वरच्या तीन भागांतच जातो, हे कळल्यावर शस्त्रक्रिया आणखी आटोपशीर झाली. तरी ती करावी की थांबावं, यावर सर्जनांचं एकमत नव्हतं. पन्नास वर्षं वाद चालला.

तो सोडवायला लागणारे रुग्ण दुर्दैवाने आपल्याकडेच होते. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मिश्री यांनी तोंडाचा कॅन्सर भारतातल्या पुरुषांमध्ये अग्रभागी आणून ठेवला आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ पासून एक चाचणी चालली. तोंडातली गाठ लहान आणि मान तपासणीत स्वच्छ, असे रुग्ण. अर्ध्यांची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली, तर अर्ध्यांची मानेत रोग दिसल्यावरच. पहिल्या ५०० रुग्णांचे निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के.

साधं गणित करू. प्रत्येक गटात शंभर माणसं धरा. आधीच मान साफ केलेल्यांत ८० जगली आणि थांबलेल्यांत साडेसदुसष्ट. फरक साडेबारा माणसांचा. १०० भागिले साडेबारा, म्हणजे ८. आठ जणांची मान सुरुवातीलाच साफ केली की एक माणूस वाचतो. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत इतका ठसठशीत फायदा क्वचितच दिसतो. आपल्या इथल्या रुग्णांनी दिलेलं हे उत्तर आता जगभरच्या उपचारांचा पाया झालं आहे.

स्तनापेक्षा वेगळं का घडलं? तोंडाचा कॅन्सर बराच काळ तोंड आणि मान एवढ्यातच राहतो. माणूस दगावतो तो बहुधा तिथलाच रोग हाताबाहेर गेल्याने. त्यामुळे मान साफ करणं हा इथे खरा उपचार ठरतो. शिवाय थांबलेल्या गटात मानेत रोग उगवला तेव्हा तो पुढच्या टप्प्याचा होता आणि ग्रंथीचं आवरण फुटल्याचं प्रमाण जास्त होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेत "नंतर काढू" चाललं, मानेत तोवर उशीर होतो. म्हणून "कमीत कमी कापा" किंवा "जास्तीत जास्त कापा" असा सरसकट नियम कुणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. अवयव विचारा, रोगाचा टप्पा विचारा.

जिभेतली गाठ अगदी वरवरची, तीन मिलिमीटरहून कमी खोल असेल तर थांबण्याचा विचार होऊ शकतो. तोंडाच्या कॅन्सरमध्येही पहाऱ्यावरची ग्रंथी शोधण्याच्या चाचण्या फ्रान्स आणि जपानमध्ये झाल्या. २०२० आणि २०२१ मध्ये आलेले निकाल चांगले आहेत. पण त्या पद्धतीत ग्रंथीचे अनेक पातळ काप तपासावे लागतात आणि रोग निघाला तर मानेच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत यावं लागू शकतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून आलेल्या, मजुरी बुडवून मुंबईत राहिलेल्या माणसाला एकाच भूल-ऑपरेशनात काम उरकणं परवडतं, हेही वैद्यकीय निर्णयातच धरलं पाहिजे, असं माझं मत आहे.

७. अहवालातले आकडे

काढलेली चरबी फॉर्मेलिनमध्ये जाते. पॅथॉलॉजिस्ट तिच्यातून एकेक ग्रंथी बोटांनी शोधतात, कापतात, मेणात बसवतात, रंगवून पाहतात. म्हणून अहवालाला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यात लिहिलेलं असतं, समजा, १/२८. म्हणजे २८ ग्रंथी तपासल्या आणि एकीत रोग आहे. "२८ गाठी निघाल्या" हे ऐकून घरात रडारड होते, पण त्यांतल्या २७ निरोगी आहेत. ०/२८ असेल तर ऑपरेशन वाया गेलं असंही नाही. बऱ्याचदा त्यामुळेच पुढचं रेडिएशन टळतं.

या आकड्याखालच्या ओळीत आवरण फुटलं आहे की नाही ते असतं. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये ते फुटलं असेल तर नुसत्या रेडिएशनपेक्षा रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिल्याने फायदा होतो, हे २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांनी दाखवलं. डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा.

"इतक्या ग्रंथी गेल्या, प्रतिकारशक्तीचं काय?" सहाशेतल्या तीस गेल्या तरी बाकीच्या काम करत राहतात. वारंवार सर्दी-ताप होत नाही. फटका बसतो तो त्या एका भागाच्या निचऱ्याला. "सुई लागली की रोग पसरतो," ही भीतीही मनातून काढून टाका. सुईने केलेल्या तपासणीने बरं होण्याची शक्यता कमी होत नाही. मानेत नवी ग्रंथी दिसली तर आधी सुईचीच तपासणी करावी. मूळ रोग न शोधता ती थेट कापून काढणं मात्र टाळावं.

८. हात आणि खांदा

शस्त्रक्रियेनंतर नळी लावतात. साचणारा द्रव तिच्यातून बाटलीत येतो आणि कमी झाला की नळी काढतात. काखेच्या ऑपरेशननंतर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, कारण तिथल्या त्वचेची नस त्याच चरबीतून जाते. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उतरतो, हात डोक्यावर नेताना जड वाटतो. नस वाचवली असली तरी ताणली गेलेली असते आणि सावरायला तिला काही महिने लागतात. या काळात फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम चुकवले तर खांदा आखडतो आणि मग नस बरी होऊनही हात उठत नाही.

काख पूर्ण साफ केलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकीला हाताची कायमची सूज येते. फक्त पहिली ग्रंथी काढली तर वीस जणींत एकीला. ही सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं, ब्लाउजची एकच बाही रुतणं, ही तिची पहिली खूण. अशा वेळी दाबाची बाही, हलकं मालीश आणि पट्ट्या यांनी ती आवरता येते. जुनी होऊन कातडी जाड झाली की मग अवघड जातं.

बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की त्या हाताने कळशी उचलू नका, कणीक मळू नका. त्यापायी हात निकामी झाल्यासारखे पडून राहिले. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावून पाहिलं, तेव्हा सूज वाढली नाही, उलट तक्रारी कमी झाल्या. लसिकेला पुढे ढकलण्यात स्नायूंचा वाटा आहे, म्हणून हात वापरला पाहिजे. एकदम जड ओझ्याला हात न घालता थोडं थोडं वाढवत न्यायचं.

जपायचं ते जखमांना. निचरा कमी असलेल्या हातात जंतू लवकर पसरतात. भांडी घासताना, काटेरी भाजी निवडताना, शेतात काम करताना हातमोजा घाला. कापलं तर लगेच धुवून मलम लावा. हात लाल आणि गरम झाला, अंगात थंडी भरून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर बहुतेकदा गोळ्यांवर भागतं. दोन दिवस अंगावर काढले तर रुग्णालयात दाखल व्हावं लागतं आणि उतरलेली सूजही पुन्हा वाढलेली असते.